चॅनेल चोरीला गेलं, तेही ओटीपी न येता

बैलगाडा शर्यती लाईव्ह दाखवणाऱ्या पोरांनी हे वाचाच. लग्नं, कीर्तनं, क्रिकेटच्या टूर्नामेंट दाखवणाऱ्यांनीही. साठ हजारांच्या वर सबस्क्रायबर असलेलं आमचं यूट्यूब चॅनेल एका रात्रीत हातचं गेलं. नाव बदललं, फोटो बदलला आणि कुणा परदेशी उद्योगपतीचं जुनं भाषण लावून 'एक बिटकॉइन पाठवा, दोन परत घ्या' असं लाईव्ह सुरू झालं. खाली आमची माणसं विचारतायत, "दादा, सेमी (उपांत्य फेरी) कधी सुटणार?"

सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना परवानगी दिली, तेव्हापासून सातारा-सांगलीकडं मैदानांना तोटा नाही. आमचा सगळा कारभार ओबीएस स्टुडिओ या लाईव्ह प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरवर चालतो. गट क्रमांक, बैलांची नावं, मालकाचं गाव खालच्या पट्टीवर टाकायचं. निकालावरून वाद पेटला की रिप्ले दाखवायचा. हे सॉफ्टवेअर मोफत आणि मुक्तस्रोत आहे. कोड सगळ्यांना खुला, पैसे नाहीत, लायसन्स-की नाही.

चुलतभावानं लॅपटॉप फॉरमॅट केला आणि सर्चमध्ये 'ओबीएस डाउनलोड' टाकलं. सगळ्यात वरची लिंक जाहिरातीची होती. 'प्रायोजित' हा शब्द बारीक अक्षरात. पान हुबेहूब खऱ्यासारखं. तोच गोल लोगो, विंडोज, मॅक, लिनक्सची तीच बटणं. पत्त्यात तेवढं एक अक्षर जास्त. उतरली ती पासवर्डवाली झिप फाइल, आणि पासवर्ड पानावरच लिहिलेला. आता पासवर्ड सगळ्यांना सांगायचाच, तर कुलूप लावलं कशाला? अँटीव्हायरससाठी. बंद झिपच्या आत त्याला बघता येत नाही. वर, इन्स्टॉल केल्यावर ओबीएस खरोखरच सुरू झालं, त्यामुळं शंका यायचं कारणच उरलं नाही. त्याच्यासोबत दुसरंही काहीतरी चाललं आणि आपलं काम उरकून गेलं.

ते काम काय, हे नीट समजून घ्या. आपण एकदा लॉगिन केलं की ब्राउझर एक कुकी जपून ठेवतो. जत्रेत तिकीट दाखवल्यावर मनगटावर शिक्का मारतात ना, तसं. पुन्हा आत जाताना कुणी तिकीट मागत नाही. चोरांनी हा शिक्काच उचलला. म्हणून पासवर्ड विचारला गेला नाही, ओटीपी आला नाही, भावाचा फोन गप्प राहिला. त्याच्या खात्याला दोन टप्प्यांची सुरक्षा चालू होती, तरीही. मार्च २०२३ मध्ये कॅनडातलं 'लायनस टेक टिप्स' हे दीड कोटी सबस्क्रायबरांचं चॅनेल याच पद्धतीनं गेलं होतं. तिथं निमित्त झालं प्रायोजकाच्या पीडीएफसारख्या दिसणाऱ्या फाइलचं.

मुक्तस्रोत म्हणजे सुरक्षित, असं आमच्यात सगळेच म्हणतात. कोड हजार लोकांनी तपासलेला असेल हो, पण आपल्या हातात पडलेली फाइल त्याच कोडपासून बनली आहे कशावरून? चोर नेमकं हेच हेरतात. जिम्प, कीपास, ब्लेंडर या दुसऱ्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरांच्या नावानंही अशा खोट्या जाहिराती लागल्या आहेत. आणि जिनं पैसे घेऊन ती जाहिरात वर लावली, त्या कंपनीकडं तक्रारीला फॉर्म आहे, बोलायला माणूस नाही.

दुसरा गंडा त्यानंतरचा. चॅनेल गेल्याचं भावानं दुसऱ्या खात्यावरून जाहीर केलं, तर लगेच मेसेज सुरू: "आम्ही रिकव्हरी एजंट, कंपनीत ओळख आहे." एकानं आठ हजार घेतले आणि वर 'सिक्युरिटी डिपॉझिट' मागितलं. तिथं आम्ही १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला. यूपीआयनं गेलेले पैसे अजून परत आलेले नाहीत. चॅनेल मात्र अधिकृत मदतकेंद्राकडूनच परत मिळालं, एक रुपयाही न देता. जुन्या मैदानांचे बरेच व्हिडिओ उडाले होते, ते गेलेच.

कुणावर ही वेळ आली तर त्याच मशीनवरून पासवर्ड बदलत बसू नका. आधी त्याचं इंटरनेट तोडा. दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून 'सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट' करा, मग पासवर्ड बदला. रिकव्हरीचा ईमेल आणि नंबर आपलाच आहे का, हेही बघा. आमच्यात तो बदललेला सापडला. त्या ब्राउझरमध्ये जेवढी खाती उघडी होती, बँकेसकट, ती सगळी गेली असं धरून चाला. विंडोज नव्यानं टाका.

ओबीएसचा खरा पत्ता ओबीएसप्रोजेक्ट डॉट कॉम. तो सर्चमध्ये शोधू नका, स्वतः टाइप करा आणि बुकमार्क करून ठेवा. आम्ही तर मैदानावरच्या लॅपटॉपवर आता ईमेल उघडतच नाही. त्यावर फक्त स्ट्रीम-की, म्हणजे चॅनेलवर लाईव्ह पाठवायचा कोड, टाकलेली असते, चॅनेलचं लॉगिन नाही. की चोरीला गेली तर घरून दुसरी बनवता येते.