नवी पेठेतील औषधाचे दुकान : दोन गोळ्यांची नीट चौकशी

वडिलांच्या रक्तदाबाची औषधे आम्ही नवी पेठेतील ज्या दुकानातून घेतो, तेथील फार्मासिस्ट चिठ्ठी वाचल्याशिवाय गोळ्या हातात ठेवत नाहीत, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. जुन्या चिठ्ठीवर रॅमिप्रिल होते आणि दुसऱ्या डॉक्टरांनी टेल्मिसार्टन लिहिले होते. दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवून त्यांनी गोळ्या देणे थांबवले आणि आधी डॉक्टरांना फोन केला. ही दोन्ही औषधे शरीरातील एकाच यंत्रणेवर काम करतात. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात ती एकत्र दिल्याने जास्त फायदा दिसला नाही, उलट रक्तदाब फार उतरणे आणि मूत्रपिंडाचे त्रास वाढले. डॉक्टरांनी रॅमिप्रिल बंद करून टेल्मिसार्टनसोबत अॅम्लोडिपिन दिले, आणि ही जोडी सर्रास वापरली जाते.

अॅम्लोडिपिनने घोट्यांना सूज आल्यास कळवा, गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक मनाने घेऊ नका आणि 'कमी सोडियम'चे मीठ डॉक्टरांना विचारूनच वापरा, कारण त्यात पोटॅशियम असते, असेही फार्मासिस्टनी सांगितले. शेंगाचटणीतल्या मिठाचा विषय निघाला तेव्हा वडील जरा नाराज झाले, ते वेगळे!

संध्याकाळी काउंटरवर गर्दी असते आणि गाडी लावायला जागा नसते. सवलतही इतर दुकानांपेक्षा कमी मिळते. तरीही एकाहून अधिक डॉक्टरांची औषधे चालू असलेल्यांनी सगळ्या चिठ्ठ्या घेऊन, शक्यतो दुपारी, येथेच यावे.