काळ्या मातीवरचे घर आणि त्याची तपासणी करणारी सेवा : सोलापुरातील एक परीक्षण

जुळे सोलापुरातील आमचे घर १९९० च्या दशकातले, दोन मजली आणि विटांच्या भारवाहक भिंतींचे आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या कोपऱ्यापासून जोत्यापर्यंत तिरकी उतरणारी भेग दर मे महिन्यात रुंदावत असे आणि सप्टेंबरचा पाऊस झाला की बरीचशी मिटत असे. शहरातील एका स्थापत्य सल्लागार संस्थेकडून घराची तपासणी आणि त्यानंतर दुरुस्ती करून घेतली, त्या सेवेचे हे परीक्षण आहे. संस्थेचे नाव देत नाही. असे काम करणारे सोलापुरात आणखीही आहेत आणि त्यांच्याकडून काय मागून घ्यावे हे सांगणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

तपासणीचे शुल्क १२,००० रुपये होते आणि ते वसूल झाले, असे माझे स्पष्ट मत आहे. याआधी आलेल्या एका ठेकेदाराने भेग पाहताच पायाला काँक्रीटचे जॅकेटिंग, म्हणजे बाहेरून काँक्रीटचे आवरण करण्याचा भलामोठा खर्च सांगितला होता. या संस्थेच्या अभियंत्यांनी मात्र भिंतीलगत चाचणी खड्डे खणले, तेव्हा पाया मुरमापर्यंत पोचलेलाच नसून काळ्या मातीतच थांबला असल्याचे दिसले. त्या मातीचा नमुना प्रयोगशाळेत गेला. तेथे सुकवून चाळलेली दहा ग्रॅम माती एका नळकांड्यात पाण्यात आणि तेवढीच दुसऱ्या नळकांड्यात रॉकेलमध्ये टाकून चोवीस तास ठेवतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, त्यामुळे दोन्हींतील फरकावरून तिचा फुगण्याचा स्वभाव कळतो. आमची माती पाण्यात ६० टक्क्यांनी अधिक जागा व्यापत होती. उन्हाळ्यात आकसणारी आणि पाणी मिळताच फुगणारी ही माती सर्व बाजूंनी सारखी ओली किंवा सारखी कोरडी राहिली तर घराला फारसा त्रास होत नाही. एक कोपरा ओला आणि दुसरा कोरडा राहिला की भिंत पिळली जाते.

आमच्या घराचा ओला कोपरा हौदाचा निघाला. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या या शहरात जमिनीखालचा हौद नसलेले घर क्वचितच सापडेल, आणि बहुतेक ठिकाणी तो जागेच्या सोयीसाठी स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटून बांधलेला असतो. (पाणी सुटले की कोणाचा हौद भरून वाहतो, हे साऱ्या गल्लीला ठाऊक असते.) अभियंत्यांनी रात्री झडप बंद करून पाण्याच्या पातळीवर खूण केली, सकाळी पातळी उतरलेली होती. ओव्हरफ्लोचा पाइप थेट भिंतीच्या पायथ्याशी सुटत होता, गच्चीचे पाणीही तिथेच पडत होते आणि शौचालयाच्या चेंबरपर्यंत जाणाऱ्या जुन्या स्टोनवेअर पाइपचे सांधे उघडे पडले होते. भेगेवर काचेच्या पट्ट्या बसवून त्यांवर तारीख लिहिली गेली, म्हणजे हालचाल चालू असल्यास काच तडकावी. एवढे झाल्यावर त्यांनी लेखी कळवले की पायाला हात लावण्याची सध्या गरज नाही, आधी पाण्याचा बंदोबस्त करावा आणि एक उन्हाळा व एक पावसाळा पाहावा. ज्या कामात त्यांना स्वतःला पैसे मिळाले असते तेच त्यांनी नाकारले, हा या सेवेचा माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा गुण आहे.

दुरुस्तीत हौदाला आतून जलरोधक थर दिला, ओव्हरफ्लो आणि पावसाचे पाणी बंद पाइपने दूरच्या चेंबरमध्ये नेले, ड्रेनेजची ओळ पीव्हीसी पाइपची करून तिला नीट उतार दिला. घराभोवती सुमारे दीड मीटर रुंदीचा, भिंतीपासून बाहेर उतरणारा काँक्रीटचा पट्टा केला. त्याच्याखाली वाळू भरू नये, असा आग्रह त्यांनी धरला, कारण वाळूतून पाणी सहज पायापर्यंत जाते. काळ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा दाबलेला थर देण्याची पद्धत आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी विकसित केली. त्याच धर्तीवर येथे चिकणा मुरूम थराथराने पाणी मारून ठोकायचा होता. मजुरांनी पहिला थर कोरडाच पसरला आणि देखरेख करणारा माणूस त्या दिवशी फिरकला नाही, म्हणून तो थर काढून पुन्हा करायला लावावा लागला. अंगणातला कडुनिंब तोडू नका, हा सल्ला शेजाऱ्यांना विचित्र वाटला, पण तो योग्य आहे : मोठे झाड वर्षानुवर्षे मातीतले पाणी ओढत असते आणि ते एकाएकी गेले की कोरडी माती पाणी पिऊन वर येते.

भूकंपाच्या बाबतीत मात्र हा अहवाल तोकडा आहे. आयएस १८९३ या भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीनुसार सोलापूर झोन तीनमध्ये येते, म्हणजे धोका मध्यम, एवढे लिहून अर्ध्या पानात विषय आटोपला आहे. किल्लारी सोलापूरपासून सरळ रेषेत ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरवर आहे आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा तो भाग नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या झोनमध्ये होता. तेथे मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरची मातीची जड माळवदे कोसळून हजारो माणसे दगावली. आमच्या घराला माळवद नाही. पण दारे-खिडक्यांवरून सलग फिरणारा काँक्रीटचा पट्टाही नाही, आणि साडेचार इंची कठडा गच्चीवर नुसता उभा आहे. मी विचारल्यावरच त्यांनी लिंटेल (दारे-खिडक्यांवरची आडवी तुळई) आणि स्लॅबच्या पातळीला भिंतीच्या दोन्ही बाजूंनी जाळीचा पट्टा, कठड्याला आधार आणि पाण्याच्या टाकीला पक्की बांधणी ही कामे सुचवली. जाळी बसवणाऱ्यांनी ती सुरुवातीला जुन्या गिलाव्यावरच ठोकली होती. गिलावा विटेपर्यंत खरवडून, दोन्ही बाजूंच्या जाळ्या भिंतीतून आरपार सळईने जोडल्या तरच त्या पट्ट्याला अर्थ आहे. हे निदर्शनास आणताच त्यांनी वाद न घालता, जादा पैसे न मागता काम पुन्हा केले.

अहवाल इंग्रजीत येतो आणि मराठी सारांश मागावा लागतो. वेळा पाळण्यात संस्था ढिली आहे. साखर पेठ, बुधवार पेठेतील जुन्या माळवदी घरांचे काम ती घेत नाही, त्यामुळे तेथील घरमालकांना अन्यत्र पाहावे लागेल. एक उन्हाळा आणि एक पावसाळा उलटला, काचेच्या पट्ट्या अजून अखंड आहेत आणि भेग आता बुजवता येईल, असे त्यांनी कळवले आहे. बोलावणार असाल तर एप्रिल-मे महिन्यात, भेगा पुऱ्या उघडलेल्या असताना बोलवावे, आणि हौदाच्या गळतीची चाचणी तपासणीच्या शुल्कात धरली आहे का, हे आधी लेखी घ्यावे. आमच्याकडे तिचे वेगळे बिल आले.