दिवाळीच्या भेटीसाठी सोलापुरी चादर: कोणाला द्यावी आणि कशी पारखून घ्यावी

दिवाळी जवळ आली की पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये सुरक्षारक्षक, धुणीभांडी करणाऱ्या मावशी, कचरा नेणाऱ्या ताई, शाळेचे रिक्षावाले काका आणि मुलांच्या बाई यांना काय द्यायचे याची चर्चा सुरू होते आणि बहुतेक वेळा ती मिठाईच्या खोक्यावर येऊन थांबते. खव्याची मिठाई दोन-तीन दिवसांत संपवावी लागते. ज्या मावशी चार-पाच घरी काम करतात, त्यांच्याकडे तर असे खोके एकाच दिवशी जमा होतात. म्हणून मी या सगळ्यांसाठी काही वर्षांपासून सोलापुरी चादर घेत आले आहे. ही भेट उत्तम आहे असे माझे स्पष्ट मत आहे, मात्र ती सर्वांना सारखीच उपयोगी पडत नाही.

त्याआधी एक गोष्ट सांगायला हवी. चादर ही पोस्तीच्या, म्हणजे दिवाळीला द्यायच्या रोख रकमेच्या, जोडीला द्यायची वस्तू आहे, पोस्तीच्या बदल्यात नव्हे. १९६५ च्या बोनस कायद्यात पुढे दुरुस्ती होऊन किमान बोनस ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा भाग ठरला. पण घरोघरी काम करणाऱ्या बायका त्या कायद्याच्या कक्षेत कधीच नव्हत्या. त्यांना दिवाळीला एक महिन्याचा पगार जास्तीचा देण्याची रीत अनेक घरांनी पाळली आहे, आणि ती रक्कम धनत्रयोदशीच्या आधीच, खरेदीला उपयोगी पडेल अशा वेळी हातात पडली पाहिजे. ती कापून त्यातून चादर घेणे मला अजिबात मान्य नाही.

आता चादरीविषयी. सोलापूरची चादर जकार्ड मागावर विणली जाते. नक्षी छापलेली नसून विणीतच असते, त्यामुळे ती दोन्ही बाजूंना दिसते आणि एका बाजूचे रंग दुसऱ्या बाजूला उलटे होतात. तेलंगणातून येऊन स्थायिक झालेल्या पद्मशाली विणकरांनी हा व्यवसाय तिथे वाढवला, आणि सोलापुरी चादरीला व टॉवेलला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. चांगली चादर सुती, घट्ट आणि वजनदार असते. नवी असताना ती थोडी खरखरीत लागते, पण धुण्यागणिक मऊ होत जाते. आमच्या घरातली जुनी चादर आता कडेला विरली आहे, तरी नक्षीचा रंग टिकून आहे.

अडचण आहे ती नकलेची. दिवाळीच्या सुमारास कार्यालयांच्या हॉलमध्ये भरणाऱ्या एका सेलमधून, ‘सोलापुरी’ अशी पाटी पाहून घेतलेली चादर आमच्याकडे पहिल्या धुण्यातच गोळे धरू लागली, कारण तिच्यात कृत्रिम धागा होता. पारख सोपी आहे. कडेचा एक सुटा धागा काढून जाळावा: सुती धागा कागदासारखा जळून त्याची भुसभुशीत राख होते, तर पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी बनतो. चादर उलटून मागची नक्षी पाहावी आणि उत्पादकाचे नाव व पत्ता असलेले लेबल मागावे. अनेक भेटी एकत्र घ्यायच्या असतील, तर सोलापूरला जाणाऱ्या कोणाकडून तरी कारखान्याच्या स्वतःच्या दुकानातून आणवून घेणे मला सर्वांत खात्रीचे वाटते.

सर्वांत जास्त उपयोग होतो तो रात्रपाळीच्या सुरक्षारक्षकाला. दिवाळीनंतर पुण्यात थंडी उतरते, आणि फाटकाजवळच्या खोलीत दार उघडे ठेवून बसणाऱ्या माणसाला जाड सुती पांघरूण रोज लागते. शिवाय गावी जाताना ते पिशवीत घालून नेता येते, प्रवासात खराब होत नाही.

मावशींच्या बाबतीत मात्र विचार करावा लागतो. जड डबलबेड चादर ओली झाली की उचलवत नाही, आणि एका खोलीच्या घरात, नळाला ठरावीक वेळच पाणी येत असताना, ती धुवून वाळवणे हेच मोठे काम होते. आमच्या मावशींनी हे मोकळेपणाने सांगितले, तेव्हापासून त्यांच्यासाठी मी एकेरी आणि वजनाने हलकी चादर घेते, किंवा त्यांनाच विचारून टॉवेलांची जोडी घेते. विचारल्याने भेटीतली गंमत जाते असे अनेकांना वाटते. मला ते पटत नाही, कारण ज्यांचे घर आपण पाहिलेले नाही त्यांच्या घरात काय हवे हे आपण ठरवू शकत नाही.

पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ज्या ताई दारोदार फिरतात, त्यांना सकाळच्या फेरीत चादर देऊ नये. त्यांच्या हातात कचऱ्याच्या बादल्या असतात. त्यात दोन-तीन घरांनी चादरी दिल्या तर त्या ठेवायच्या कुठे आणि स्वच्छ राखायच्या कशा? आदल्या दिवशी सांगून फेरी संपताना, कोऱ्या पिशवीत द्यावी. रिक्षावाल्या काकांना मी चादरीऐवजी रोख रक्कम आणि फराळाचा डबा देते, आणि तो डबा परत मागत नाही.

शिक्षकांसाठी चादर ही माझी पहिली निवड नाही. वर्गातल्या प्रत्येक मुलाने एकेक वस्तू दिली, तर बाईंच्या घरी नुसता ढीग होतो. पालकांनी मिळून एखादा चांगला दिवाळी अंक किंवा सोलापुरी टॉवेलांचा एक संच द्यावा. वर्गणी पूर्णपणे ऐच्छिक असावी, आणि देणाऱ्यांच्या नावांची यादी भेटीला मुळीच जोडू नये, म्हणजे ज्यांना शक्य झाले नाही त्यांच्या मुलाला संकोच वाटणार नाही. सोबत मुलांनी स्वतः लिहिलेली पत्रे असावीत, आणि त्यांतल्या चुका पालकांनी दुरुस्त करू नयेत.

देताना एवढे सांगायला विसरू नये की पहिले धुणे वेगळे आणि गार पाण्यात करावे, कारण गडद रंग, विशेषतः लाल, सुरुवातीला थोडा उतरतो. बिल आपल्याकडे जपून ठेवावे; विणीत दोष निघाला तर बदलून आणण्याचे काम आपले आहे, घेणाऱ्याचे नाही.