केकचं प्लास्टिक टर्नटेबल: दिवाळी ते गणपती वापरल्यानंतर

पुतणीच्या वाढदिवसाची आदली रात्र. क्रीमचा पहिला पातळ थर लावून, केक फ्रिजमध्ये ठेवून बाहेर काढलेला, वरचा थर निम्म्यावर आलेला, आणि केक गोल फिरवायचं टर्नटेबल अडकलं. पाव गिरकी, मग करकर, मग ठप्प. मे महिना, डोंबिवली, पंखा बंद. व्हिपिंग क्रीमला ही घाई कळत नाही, ते आपलं खाली सरकत राहतं. म्हणून हा रिव्ह्यू, नाहीतर ३४० रुपयांच्या वस्तूवर एवढं कोण लिहितं!

मॉडेल सगळ्यांना माहीत आहे. पांढरं, २८ सेंटिमीटरचं, वर गोल गोल रेघा, कडेला १२ खुणा, खाली रबराचे पाय. पाय धरून राहतात, ताटली डगमगत नाही, क्रीम सपाट करायची पट्टी, म्हणजे स्क्रेपर, एका जागी धरून ताटली फिरवली तर केकची कड सरळ येते. हे सगळं ठीकच आहे.

मला बोलायचंय ते फटीबद्दल. ताटली आणि खालची बैठक यांच्यामध्ये बोटाच्या पेराएवढी उघडी फट आहे, आणि फिरणारे छर्रे तिच्या आतच बसलेत. आता केक करायचा म्हणजे स्पंज ओला ठेवायला साखरपाणी आलंच. त्यातून एगलेस स्पंज असेल तर ते हात राखून घालून चालत नाही, दुसऱ्या दिवशी भुसा होतो. जास्तीचं पाणी केकबोर्डवरून ताटलीवर येतं आणि ताटलीच्या कडेला पोचतं. तिथून ते सरळ ओट्यावर टपकलं तर पुसून टाकता येतं. पण ते टपकत नाही. ते कड ओलांडून ताटलीच्या पोटाला चिकटून आत आत सरकतं आणि थेट छर्ऱ्यांत जातं. तिथे वाळलं की त्याचा पाक.

आमच्या बिल्डिंगमधल्या खिडक्यांच्या छज्जांना खालच्या अंगाला एक बारीक खाच आहे. पावसाचं पाणी तिथवर येतं आणि भिंतीकडे न जाता खाली गळतं. गवंड्याला कळलेली गोष्ट टर्नटेबलचा साचा करणाऱ्याला कळू नये? एक खाच, नाहीतर खाली वळलेली नखाएवढी कड. प्लास्टिकच्या साच्यात त्याला जास्तीचा खर्च असा काय येणार होता!

जानेवारीत पहिल्यांदा किरकिर सुरू झाली तेव्हा दिरांनी प्रेमाने आत खोबरेल सोडलं. डोंबिवलीची थंडी ती काय, पण खोबरेल गोठायला पारा २४ अंशांच्या खाली गेला की पुरतो. सकाळी टर्नटेबल जागचं हलेना. ऊन आल्यावर फिरायला लागलं. दिरांचं म्हणणं, उपाय बरोबर होता, ऋतू चुकला.

मे महिन्यात पुरतं अडकल्यावर कंपनीला लिहिलं. पहिलं उत्तर, परत करायची मुदत संपली. परत करायचंच नव्हतं, सुटी ताटली विकत मिळेल का एवढंच विचारलं होतं. दुसरं उत्तर, पार्सल उघडतानाचा व्हिडिओ पाठवा. दिवाळीत आलेल्या पार्सलचा! तिसरं उत्तर मात्र मी जपून ठेवलंय: द्रव पदार्थ सांडल्याने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. केकच्या टर्नटेबलवर द्रव सांडायचा नाही तर काय त्यावर भाजणी चाळायची?

शेवटी घरीच उघडलं. बैठकीच्या तळाला रबराच्या गोल बुचाखाली एक स्क्रू आहे, तो काढला की ताटली सुटते. छर्रे कडीसकट गरम पाण्यात टाकले, साखर विरघळली, पंख्याखाली रात्रभर वाळवले, आणि तेल अजिबात घातलं नाही. आता बोटाने ढकललं तरी थांबता थांबत नाही. तुमचं अडकलं असेल तर आधी हे करा, पत्रव्यवहार नंतर.

इथपर्यंत मे महिन्यात लिहून ठेवलं होतं आणि दोन स्टार द्यायचं ठरवलं होतं. पुढचं गणपतीनंतर लिहितेय, आणि मत थोडं बदललंय.

२०१८च्या बंदीनंतर आमच्याकडे थर्माकोलचं मखर गेलं आणि कागदाचं आलं. मुंबईच्या अब्दुल रेहमान स्ट्रीटवरून कार्डशीट आणि क्रेप कागद आणायचा आणि आषाढापासून फुलं करत बसायचं. यंदा सहज हे टर्नटेबल घेतलं, पुस्तकांच्या चळतीतून पेन्सिल आडवी बाहेर काढून टोक कागदावर टेकवलं आणि ताटली फिरवली. हवं तेवढं वर्तुळ, ना कंपास ना दोरा. कडेच्या १२ खुणांवरून पाकळ्यांची वाटणी झाली. पुठ्ठ्याच्या खांबांना सोनेरी पट्टा मारताना ब्रश स्थिर आणि खांब फिरता, त्यामुळे रेघ जिथे सुरू झाली तिथेच येऊन मिळाली. वर्षानुवर्षं हे हाताने करत होते मी. आणि फेविकॉल काही त्या फटीत जात नाही!

मग उलट दिशेनेही प्रयोग केला, म्हणजे कागदाची फुलं केकवर. त्यासाठी वेफर पेपर मिळतो, स्टार्चचा, खाता येतो, चव जवळजवळ नाहीच. क्रेप येतो म्हणजे हेही येईल असं वाटतं, पण दोघांचा स्वभाव वेगळा. क्रेप एका दिशेने ताणला जातो, अंगठ्याने दाबला की पाकळीला खोलगट वाटी येते. वेफर पेपर ताणला जात नाही, कोरडा वाकवला तर तुटतो. त्याला वाफ दाखवायची, तीही ओझरती, की लवतो. जुलैत आमच्याकडे वाफेचीही गरज पडली नाही, हवेनेच पाकळ्या माना टाकायला लागल्या. आणि ओल्या क्रीमवर तो थेट ठेवायचा नाही, ओलावा शोषून विरघळायला लागतो. मागून वितळलेल्या पांढऱ्या चॉकलेटचा हात फिरवला तर टिकतो.

सासूबाईंनी मात्र कायदा काढला: ज्याच्यावर फेविकॉल, त्याच्यावर खायची वस्तू नाही. बरोबरच आहे. चमकीचंही तेच. डबीवर ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलं म्हणजे ती खाण्यासाठी झाली असं नाही. खायची असेल तर डबीवर तसं स्पष्ट लिहिलेलं हवं, घटक पदार्थांसकट. तेव्हा हे टर्नटेबल आता कायमचं कागदाकडे गेलं. केकच्या वेळी शेजारच्या काकूंचं मागून आणते.

काकूंचं किती दिवस आणणार म्हणून क्रॉफर्ड मार्केटला ॲल्युमिनियमचं बघून आले. दुकानदाराने फिरवून दाखवायला हात पुढे केला, मी आधी उलटं केलं. तो म्हणाला, “ताई, तळाला काय बघताय? केक वर ठेवायचाय.” त्याला फटीची सगळी गोष्ट सांगितली. त्या टर्नटेबलची कड खाली वळलेली होती, अगदी मला हवी तशी. किंमत १,६०० रुपये. मी १,४०० म्हटलं, तो १,५००च्या खाली येईना, मी निघाले. जिना उतरताना मागे पाहिलं तर पुढची गिऱ्हाईक बाई तेच उलटं करून बघत होती.

प्लास्टिकच्या टर्नटेबलला केकसाठी दोन स्टार, कागदासाठी चार. साइट एकच आकडा घेते म्हणून तीन दिलेत. कंपनीकडून फोन आला तर चौथ्याचा विचार करेन, पण आधी ताटलीला खाच पाडा म्हणावं.