धान्य चालू करून देतो म्हणाला, आणि होतं तेही बंद झालं

तुमचं नाव गावाकडच्या रेशनकार्डात असेल, त्यावर धान्य मिळत असेल आणि तुम्ही आता दुसरीकडे राहायला आला असाल, तर गावच्या कार्डातून नाव कमी करायच्या कागदावर कुणाच्याही सांगण्यावरून सही करू नका. सांगणारा कितीही गोड बोलू दे, त्याच्या टेबलावर कितीही शिक्के दिसू देत. आम्हाला ज्यानं फसवलं त्यानं पैसे घेतले ते घेतलेच, पण खरं नुकसान त्या एका कागदानं झालं.

मिस्टर गेल्यानंतर मी दोन मुलांना घेऊन बीड जिल्ह्यातल्या सासरहून पुणे जिल्ह्यात आले. नगरपालिकेचं गाव आहे, भाऊ इथंच राहतो, त्याच्या शेजारी खोली घेतली. ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. महिन्याला चार हजारांच्या आसपास सुटतात, त्यातलं बरंचसं खोलीभाड्यात जातं. सासरी सासूबाईंच्या नावावर प्राधान्य कुटुंबाचं कार्ड होतं आणि त्यात आमची तिघांचीही नावं होती. माणशी ५ किलो, म्हणजे आमच्या वाट्याचं १५ किलो धान्य दर महिन्याला तिकडे निघत होतं. सासूबाई जमेल तसं कुणाच्या तरी गाडीत पोतं टाकून पाठवायच्या. पावसाळ्यात ते जमायचं नाही, आणि इथं दुकानातून गहू-तांदूळ विकत घ्यावे लागायचे.

तहसील कचेरीच्या बाहेर एका झेरॉक्सच्या दुकानात तो माणूस टेबल टाकून बसतो. ‘लाडकी बहीण’चे फॉर्म सुरू झाले तेव्हापासून तिथं बायकांची गर्दी वाढली. पिवळं किंवा केशरी कार्ड असलं की त्या योजनेला उत्पन्नाचा दाखला लागत नव्हता, म्हणून जो तो कार्डाच्या मागे लागला होता. मला तो म्हणाला, “ताई, गावचं कार्ड इथं चालत नाही. आधी तिकडचं नाव कमी करून आणा. मी इथं नवीन कार्ड काढून धान्य चालू करून देतो. साडेतीन हजार होतील, त्यात सगळं आलं.” शेजारच्या एका काकूंना त्यानं अंत्योदयचं कार्ड देतो म्हणून सांगितलं होतं, महिन्याला ३५ किलो, त्याचे पाच हजार.

नाव कमी करायचा अर्ज, नमुना ९, त्यानंच भरून दिला. सासूबाई कुटुंबप्रमुख, त्यामुळे सही त्यांची लागणार होती. दिरांनी गावी कागद नेला, सासूबाईंनी सही केली. मुलांचं भलं होतंय म्हणून त्या माउलीनं एका शब्दानं विचारलं नाही. तिकडच्या तहसीलमधून नाव कमी केल्याचा दाखला आला. इकडे त्यानं नवीन कार्डाचा अर्ज भरला, आधार घेतले, छोट्या मशीनवर “केवायसीसाठी” म्हणून आमचे अंगठे घेतले आणि काही दिवसांनी प्लास्टिकमध्ये घातलेलं रंगीत कार्ड हातात दिलं. वर १२ अंकी नंबर, माझा फोटो, मुलांची नावं. कार्ड खोटं नव्हतं, आणि म्हणूनच फसवणूक कळायला एवढा वेळ लागला.

रेशन दुकानात गेले तर मशीनवर धान्य शून्य. दुकानदारानं नंबर दोनदा टाकून पाहिला. एजंटाला विचारलं की रोज नवं कारण. सर्व्हर बंद आहे, पुढच्या महिन्यात दिसेल, तहसीलदारांच्या लॉगिनला पेंडिंग आहे, डीएसओ म्हणजे जिल्हा पुरवठा अधिकाऱ्यांच्या ऑफिसला फाईल गेलीय. मध्ये “साहेबांचं वेगळं द्यावं लागतं” म्हणून आणखी एक हजार घेतले. शेवटी मी त्याला सोडून सरळ तहसीलमधल्या पुरवठा शाखेत गेले, रेशनचं काम तिथंच चालतं. तिथल्या बाईंनी कार्ड पाहिलं आणि शांतपणे सगळं सांगितलं. त्यांनी सांगितलं ते मला कुणी आधी सांगायला हवं होतं, म्हणून इथं सविस्तर लिहिते आहे.

कार्ड मिळणं आणि धान्य मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कार्ड उत्पन्नावर ठरतं. महाराष्ट्रात १९९९ पासून तीन रंगांची कार्डं आहेत. वर्षाला १५ हजारांपर्यंत उत्पन्न असेल तर पिवळं, त्यावर एक लाखापर्यंत केशरी, त्याच्या वर पांढरं. घरात चारचाकी असेल किंवा चार हेक्टर बागायती जमीन असेल तरीही पांढरंच. पण धान्य रंगावर मिळत नाही. ते मिळतं २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याच्या यादीत नाव असेल तर. त्या यादीत दोनच गट आहेत. अंत्योदय म्हणजे कुटुंबाला महिन्याला ३५ किलो, घरात माणसं कितीही असोत. प्राधान्य कुटुंब म्हणजे माणशी ५ किलो. गहू किती आणि तांदूळ किती हे प्रमाण सरकार बदलतं, एकूण वजन बदलत नाही. २०२३ च्या जानेवारीपासून हे धान्य फुकट आहे, आणि १ जानेवारी २०२४ पासून पुढची पाच वर्षं ते फुकटच राहणार असं केंद्र सरकारनं जाहीर केलेलं आहे. केशरी कार्ड असूनही ज्यांचं नाव प्राधान्य यादीत नाही, त्यांना यातलं काही मिळत नाही. माझ्या नव्या कार्डाचं नेमकं तेच झालं होतं.

प्राधान्य यादीसाठी शहरात वर्षाला ५९ हजार आणि खेड्यात ४४ हजार ही उत्पन्नाची मर्यादा आहे. शहरातली मर्यादा महिन्याला पाच हजारसुद्धा भरत नाही. २०१३ साली ठरवलेला हा आकडा आजही तोच आहे, आणि मला तो अन्यायाचा वाटतो. रोज कामाला जाणारी दोन माणसं घरात असली की तो सहज ओलांडला जातो, मग एजंट खोटा आकडा टाकायला सांगतो आणि लोक टाकतात.

मी मर्यादेत बसत होते. तरी धान्य का नाही? याचं उत्तर एका शब्दात आहे, आणि पुरवठा शाखेत तो सारखा ऐकू येतो: इष्टांक, म्हणजे किती जणांना धान्य द्यायचं याचा ठरवून दिलेला आकडा. कायद्यानं महाराष्ट्रातल्या ७ कोटी १६ हजार माणसांना धान्य द्यायचं ठरलं. ग्रामीण भागात लोकसंख्येच्या ७६.३२ टक्के, शहरी भागात ४५.३४ टक्के, तेही २०११ च्या जनगणनेवरून. हा आकडा जिल्ह्याजिल्ह्यांत आणि तालुक्यातालुक्यांत वाटून दिलेला आहे. तालुक्याचा इष्टांक भरला की तुम्ही कितीही पात्र असा, यादीत जागा नसते. कुणी वारलं, लग्न होऊन गेलं, उत्पन्न वाढलं म्हणून नाव काढलं, ई-केवायसी म्हणजे आधारवरून ओळख पटवणं न केल्यानं नाव वगळलं गेलं, तरच जागा होते. अंत्योदयचंही तसंच, राज्यात साधारण २५ लाख कुटुंबं, त्याहून जास्त नाहीत. साडेतीन हजार काय आणि पस्तीस हजार काय, एजंटाला इष्टांक वाढवता येत नाही. “धान्य चालू करून देतो” असं ठामपणे सांगणारा माणूस त्याच्या हातात नसलेली गोष्ट विकत असतो.

त्या बाईंनी मग विचारलं, “बाई, गावचं नाव का काढलंत?” मी एजंटानं सांगितलेलं कारण सांगितलं. त्या म्हणाल्या, “तिकडे तुम्ही यादीत होतात. तोच नंबर घेऊन इथल्या कुठल्याही दुकानात अंगठा लावला असता तरी धान्य मिळालं असतं.”

हे ऐकून मी तिथंच बाकावर बसले. ‘एक देश एक रेशनकार्ड’ हे नाव मी टीव्हीवर ऐकलं होतं, पण ते परराज्यातल्या मजुरांसाठी आहे असं वाटायचं. तसं नाही. बीडच्या कार्डाचं धान्य पुण्यात उचलता येतं, महाराष्ट्राच्या कार्डाचं धान्य गुजरातेत किंवा कर्नाटकात उचलता येतं. २०२२ पासून ही सोय देशातल्या सगळ्या राज्यांत आहे. सगळं धान्य एकाच ठिकाणी उचलायलाही लागत नाही. सासूबाईंनी त्यांच्या वाट्याचं गावात घेतलं असतं, आम्ही आमचं इथं. आधार कार्डाशी जोडलेलं असावं आणि ई-केवायसी झालेली असावी, एवढंच लागतं. ती ई-केवायसी रेशन दुकानात मशीनवर फुकट होते. पोतं पाठवायची दगदग, पावसाळ्यात विकत आणलेले तांदूळ, काहीच करायला लागलं नसतं.

गावच्या तहसीलला फोन केला, मग दीर जाऊन आले. आम्ही तिघं निघाल्यावर तिथल्या इष्टांकात मोकळ्या झालेल्या जागा दुसऱ्यांना गेल्या होत्या. त्यांचा काही दोष नाही, तेही वाट पाहत असणार. पण आता नाव पुन्हा घालायचं तर आमचाही नंबर रांगेत शेवटी. म्हणून सांगते, नाव कमी करायच्या अर्जावर सही करण्याआधी तीन गोष्टी विचारा, आणि त्या एजंटाला नाही, पुरवठा शाखेत विचारा. आपलं आत्ताचं कार्ड प्राधान्य आहे का? आपण जिथं राहतो तिथं त्यावर धान्य उचलता येईल का? नवीन कार्ड काढलं तर इथल्या इष्टांकात आज जागा आहे का? तिसऱ्याचं उत्तर “नाही” असेल तर जुन्या नावाला हात लावू नका. लग्न होऊन सासरी आलेल्या मुलींनी तर हे नक्की विचारावं. माहेरचं नाव लगेच कमी होतं, सासरचं कधी चालू होईल याची कुणी खात्री देत नाही.

मराठवाड्यातल्या लोकांसाठी आणखी एक. आपल्याकडचे आठ जिल्हे, अमरावती विभागातले पाच आणि वर्धा, अशा १४ जिल्ह्यांतल्या केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना आधी स्वस्त धान्य मिळायचं, २०२३ पासून त्याऐवजी खात्यात पैसे येऊ लागले. ती योजना वेगळी आहे. “तुमच्या भावकीला केशरीवर मिळतं, मग तुम्हालाही मिळवून देतो” असं म्हणत एजंट याच गोंधळाचा फायदा घेतात.

उत्पन्नाचंही ऐका. माझ्या अर्जात त्यानं आकडा स्वतःच टाकला होता, मला न विचारता. शेजारच्या काकूंना तर वर्षाला पंधरा हजार दाखवायला सांगितलं होतं. त्याखालच्या घोषणापत्रावर सही आपली असते. चौकशी झाली तर एजंट कुठेच नसतो, माहिती खोटी दिली म्हणून कार्ड आपलं रद्द होतं. मी माझा आकडा लेखी अर्ज देऊन दुरुस्त करून घेतला.

अंगठ्याची भीती मला पैशांपेक्षा जास्त वाटली. आधार जोडलेल्या खात्यातून नुसत्या अंगठ्यावर पैसे काढता येतात, आणि माझ्या खात्यात शिलाईचे साठवलेले होते. भाच्यानं आधारच्या ॲपमधून बायोमेट्रिक लॉक करून दिलं. १९४७ या नंबरवर आधारची माहिती मिळते. लॉक केलं की रेशनच्या मशीनवरही अंगठा लागत नाही, त्यामुळे धान्य घ्यायला जाताना तेवढ्यापुरतं उघडावं लागतं. ते जमवून घ्या, पण रस्त्यावरच्या टेबलावर अंगठा देऊ नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करायचा.

मी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली, तहसीलदारांकडे दिली, १९६७ या हेल्पलाइनवरही नोंदवली. पोलिसांनी बोलावल्यावर त्यानं दोन हजार परत दिले, बाकीचे अजून नाहीत. त्यानं पावती कधीच दिली नव्हती, पण एक हजार मी फोनवरून पाठवले होते, त्याची नोंद तक्रारीला जोडता आली. इथल्या इष्टांकात जागा झाली की नाव घ्यावं असा अर्ज मी दिला आहे आणि त्याची पोच शिक्का मारून घेतली आहे. पात्र कुटुंबांची यादी लोकांना दिसेल अशी लावली पाहिजे हे कायद्यातच आहे. ती यादी आणि तालुक्याचा शिल्लक इष्टांक दर महिन्याला कचेरीच्या भिंतीवर लावला, तर बाहेरच्या टेबलावरचा अर्धा धंदा बंद होईल असं मला वाटतं. आमच्या कचेरीत तो लावलेला नाही, म्हणून तो आकडा मिळावा यासाठी दहा रुपयांचा स्टॅम्प लावून मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला आहे.

शेजारच्या काकूंनीही आता तक्रार दिली आहे. त्याच टेबलावर पैसे दिलेल्या आणखी बायका आहेत, मला त्या तिथं भेटल्या होत्या. तुम्ही त्यातल्या एक असाल तर घाबरू नका, पावती नसली तरी चालेल. कधी, किती, कशासाठी दिले, बरोबर कोण होतं, एवढं साध्या कागदावर लिहा, दोन प्रती काढा, एक तहसीलच्या आवक शाखेत द्या आणि दुसरीवर शिक्का घेऊन घरी ठेवा. चार जणींच्या तक्रारी एकत्र गेल्या तर त्या माणसाला तिथं पुन्हा टेबल टाकता येणार नाही.