सेक्शनल गॅरेज डोअर स्वतः बसवताय? मग स्प्रिंग पिळाची की ताणाची?

सेक्शनल दार म्हणजे बिजागऱ्यांनी जोडलेल्या आडव्या पॅनलांचं, ट्रॅकवरून वर छताखाली सरकणारं दार. ते घेताना पॅनल कुठलं, रंग कुठला, नुसता पत्रा की आत फोम, यावर लोक भरपूर खल करतात आणि ऑर्डरच्या कागदावर स्प्रिंगचा रकाना आला की ‘जी येते ती द्या’ म्हणून मोकळे होतात. माणूस बोलावून दार बसवून घेणार असाल तर तेवढ्यावर भागतंही. स्वतः बसवणार असाल तर मात्र सगळ्यात आधी तोच रकाना वाचा. बाकीचं काम म्हणजे बिजागऱ्या, रोलर आणि नट-बोल्ट. ते जपून केलं तर फार तर बोटाला खरचटेल. अख्ख्या दाराचं वजन तोलणारी ताकद साठते ती स्प्रिंगमध्ये, आणि जिवावर बेतणारे प्रसंग येतात तेही तिच्याचपाशी.

दोन प्रकार ठाऊक असतीलच. दाराच्या डोक्यावर आडव्या शाफ्टवर बसते ती पिळाची, म्हणजे टॉर्शन. दोन्ही बाजूंच्या आडव्या ट्रॅकच्या वर लांबलचक ताणल्या जातात त्या ताणाच्या, म्हणजे एक्स्टेन्शन. मी आधी एक्स्टेन्शनवालं दार बसवलं आणि बरीच वर्षं वापरलं. नंतरच्या दाराला टॉर्शन घेतली. त्यामुळे पुढे जे लिहितोय त्यात मोजमाप कमी आणि वापरातला अनुभव जास्त आहे. तुमची जागा वेगळी असेल तर उत्तरही वेगळं निघू शकेल.

ट्रॅक लावणं, पॅनल एकावर एक चढवणं हे दोन्हींत सारखंच, म्हणून त्यात फार शिरत नाही. दोनच गोष्टी सांगतो, कारण त्या पुढे स्प्रिंगला भोवतात. सगळ्यात खालचं पॅनल फरशीला समांतर न लावता पाणसळीत लावा. गॅरेजच्या फरशीला थोडाफार उतार असतोच. तो खालच्या रबरानं भरून काढायचा आणि पॅनलखाली पाचरी सारून लेव्हलमधला बुडबुडा मधोमध आणायचा. दुसरं म्हणजे चढवण्याआधी प्रत्येक पॅनल बिजागऱ्या, पट्ट्या, मूठ यांच्यासकट वजनकाट्यावर तोला आणि बेरीज लिहून ठेवा. स्प्रिंग त्या आकड्यावर ठरते. कॅटलॉगमधलं वजन बऱ्याचदा नुसत्या पॅनलांचं असतं, आणि पुढे मजबुतीसाठी एखादी आडवी पट्टी मारली की तेही चुकतं.

आता स्प्रिंग बसवणं. इथे एक्स्टेन्शन उजवी आहे, आणि ते मान्य करायला मला काहीच जड जात नाही. दोघा-तिघांनी मिळून दार पूर्ण वर न्यायचं, सगळ्यात खालच्या रोलरखाली दोन्ही ट्रॅकवर ग्रिप प्लायर घट्ट आवळायचे, आणि मग स्प्रिंगा लावायच्या. दार वर असताना त्यांच्यावर जवळजवळ ताणच नसतो. अगदी हातानं अडकवता येतात. केबल खालच्या ब्रॅकेटपासून निघते, उभ्या ट्रॅकच्या डोक्यावरच्या कप्पीवरून मागे जाते, स्प्रिंगच्या तोंडाशी असलेल्या फिरत्या कप्पीला वळसा घालून पुढे येते आणि एस-हुकनं आडव्या ट्रॅकवरच्या लोखंडी अँगलच्या भोकात अडकते. दार खाली आलं की स्प्रिंग आपोआप ताणली जाते, तीही फिरत्या कप्पीमुळे दाराच्या प्रवासाच्या निम्मीच. म्हणजे २.१ मीटर उंचीच्या दाराला साधारण १ मीटर. खास अवजार काही लागत नाही. मात्र स्प्रिंगच्या पोटातून जाणारी, दोन्ही टोकांना बांधलेली सुरक्षा केबल हवीच. स्प्रिंग तुटली तर तुकडा याच केबलवर अडकून राहतो. ती नसेल तर तो कुठे जाईल याचा भरवसा नाही. काही जुन्या दारांवर ही केबल दिसतच नाही. तशा दाराखाली गाडीसुद्धा उभी करू नये, माणसाची तर गोष्टच सोडा.

टॉर्शनचं सगळं उलटं. दार बंद ठेवून, ते वर उसळू नये म्हणून रोलरच्या वर क्लॅम्प लावून, स्प्रिंगमध्ये पीळ भरायचा. स्प्रिंगच्या टोकात बसवलेल्या धातूच्या तुकड्याला, म्हणजे ‘कोन’ला (cone), चार भोकं असतात आणि अर्धा इंच जाडीच्या, साधारण दीड फुटी दोन पोलादी सळया लागतात. एक सळई पाव फेरा ढकलून धरायची, दुसरी पुढच्या भोकात तळापर्यंत घालायची, तिच्यावर भार आला की मगच पहिली काढायची. शाफ्टवरचा, दाराची केबल गुंडाळणारा ड्रम ४ इंची आणि दार २.१ मीटरचं असेल तर साडेसातच्या आसपास फेरे होतात, म्हणजे हे पाव फेऱ्याचं काम तीसेक वेळा. स्प्रिंगचा सगळा जोर त्या प्रत्येक वेळी एका सळईवर आणि ती धरणाऱ्या हातांवर असतो. स्क्रूड्रायव्हर किंवा जवळ पडलेला गज वापरून हे काम करणारे लोक आहेत. सळई भोकातून निसटली की ती ज्या वेगानं फिरते त्यापुढे चेहरा मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही.

म्हणून माझ्या दाराचं बाकी सगळं मी बसवलं आणि पीळ भरायला माहितगार कारागीर बोलावला. त्याचं काम जवळून बघितलं. आधी त्यानं स्प्रिंगवर या टोकापासून त्या टोकापर्यंत खडूची सरळ रेघ ओढली. शिडी दारासमोर न लावता बाजूला लावली, आणि डोकं सळईच्या रेषेत एकदाही येऊ दिलं नाही. पहिले फेरे सहज गेले. नंतर स्प्रिंग करकरायला लागली आणि खडूची रेघ वळत वळत तिच्यावर पट्टे उठले. ते पट्टे मोजले की किती फेरे झाले ते कळतं. पीळ भरताना स्प्रिंग लांबत जाते, दर फेऱ्याला तारेच्या एका जाडीइतकी. त्यामुळे शेवटी त्यानं ती किंचित आणखी ताणली, म्हणजे वेढे एकमेकांवर घासणार नाहीत, आणि मग स्क्रू आवळले. तास-अर्ध्या तासाचं काम असेल. पण मी दाराचं निम्मं काम हसतखेळत केलेला माणूस, ते बघताना मात्र हाताची घडी घालून गप्प उभा होतो.

एवढं वाचून एक्स्टेन्शनच घ्यावी असं वाटेल. मलाही पहिल्या वेळी तसंच वाटलं होतं, आणि त्या वेळच्या माहितीवर तो निर्णय गैर नव्हता. पण घोडं पेंड खातं ते पुढे, रोजच्या वापरात. आणि माझ्यापुरतं ते एकाच ठिकाणी खायचं: दार तिरकं व्हायचं.

एक्स्टेन्शनच्या दोन स्प्रिंगा एकमेकींना ओळखत नाहीत. डावी डावा कोपरा उचलते, उजवी उजवा. एकाच खोक्यातून आलेल्या असल्या तरी दोघी एकसारख्या म्हाताऱ्या होत नाहीत; एका बाजूची कप्पी जरा आधी झिजते, एका बाजूची केबल जरा जास्त ताणते. सुरुवातीला दोन्ही बाजू अगदी जुळवून लावलेल्या असतात. काही महिन्यांनी दार बंद केल्यावर एका कोपऱ्यात रबर फरशीवर चेपलेलं आणि दुसऱ्या कोपऱ्यात बोट जाईल अशी त्रिकोणी फट. त्या फटीतून पाला येतो, पावसाचं पाणी येतं, उंदराला तर तेवढंच पुरतं.

मग शिडी आणायची. दार वर, क्लॅम्प लावा, हुक एक भोक पुढे सरकवा, क्लॅम्प काढा, दार खाली, बघा. आता फट दुसऱ्या कोपऱ्यात. अँगलवरची भोकं ठरावीक अंतरावर असतात आणि आपल्याला हवी असते ती जागा नेमकी दोन भोकांच्या मधे. एक भोक कमी पडतं, पुढचं जास्त होतं. मग केबलची गाठ सोडून सेंटिमीटरभर आवळायची. मग दुसरी बाजू त्यामानाने सैल वाटायला लागते. दार तिरकं चालायला लागलं की रोलर ट्रॅकच्या एका कडेला घासतात, आवाज वाढतो, आणि तेल घातल्यानं तो आवाज जात नाही. दर ऋतूत एकदा तरी हा कार्यक्रम व्हायचाच. एरवी दाराबद्दल माझी फारशी तक्रार नव्हती. पण या एका गोष्टीनं नाकी नऊ आणले.

टॉर्शनमध्ये दोन्ही केबल एकाच शाफ्टवरच्या ड्रमवर गुंडाळल्या जातात. शाफ्ट फिरला की दोन्ही ड्रम सारखेच फिरतात, त्यामुळे एक कोपरा आधी आणि एक नंतर उचलला जायचा प्रश्नच बहुधा येत नाही. पीळ भरण्याआधी, दार पाणसळीत आहे हे बघून दोन्ही केबल सारख्या ताणात ड्रमवर पक्क्या केल्या की झालं. माझ्या दाराचा खालचा रबर अजून दोन्ही कोपऱ्यांत सारखाच टेकतो. स्प्रिंगा दोन असल्या आणि एक थकली तरी दार जड होतं, पण तिरकं होत नाही. केबल ड्रमवरून उतरायची भीती मात्र असते: खाली येणारं दार कशावर तरी अडकलं आणि केबल सैल पडली की ती सुटते. ते झालं तर पुन्हा कारागिराला फोन.

आयुष्याचा हिशोब दोन्हींत फार वेगळा नाही. टॉर्शन स्प्रिंग सहसा १०,००० वेळा दार उघडून बंद करण्याच्या हिशोबानं बनते. दिवसाला चार वेळा गाडी आत-बाहेर होत असेल तर ती सातेक वर्षं. जाड तारेची, लांब स्प्रिंग घेऊन हा आकडा दुप्पटही करता येतो, फक्त शाफ्टवर तेवढी जागा हवी. टॉर्शन तुटते तेव्हा फटाक्यासारखा आवाज होतो, पण तुकडे शाफ्टवरच राहतात. एकच स्प्रिंग असलेलं दार त्या क्षणी वर असेल तर ते कोसळू शकतं. तेव्हा शाफ्ट जागीच अडकवणारं एक ब्रॅकेट मिळतं. युरोपात विकल्या जाणाऱ्या दारांबरोबर ते सहसा येतंच. पर्याय म्हणून विचारत असतील तर हो म्हणा.

टॉर्शनला तीन ठिकाणी मी स्वतःच नाही म्हणेन. पहिलं म्हणजे चौकटीवर आणि छताखाली जागा कमी असेल तिथे. नेहमीच्या वळणाच्या ट्रॅकला टॉर्शनसाठी साधारण १२ इंच लागतात, एक्स्टेन्शन १० इंचांत बसते. दोन इंचांचा फरक किरकोळ वाटतो, पण वर तुळई असेल तर तिथेच विषय संपतो. कमी उंचीसाठी दुहेरी ट्रॅकचे संच मिळतात, फक्त त्यात जुळवाजुळव वाढते आणि नवख्यानं पहिल्याच दाराला त्यात पडू नये. दुसरं, दारावरची भिंत पोकळ विटांची असेल तर. स्प्रिंगचं एक टोक भिंतीशी धरून ठेवणाऱ्या मधल्या ब्रॅकेटवर पिळाचा सगळा जोर येतो; काँक्रीटच्या लिंटेलमध्ये अँकर बोल्ट पक्का बसतो, पोकळ विटेत तो हळूहळू सैल होतो. एक्स्टेन्शनचा जोर मागच्या टांगणीच्या अँगलवर जातो, म्हणून तिथे छत भक्कम हवं आणि अँगलला तिरपा आधारही हवा. तिसरं, दार लहान, एकेरी, नुसत्या पत्र्याचं आणि आठवड्यातून एकदा उघडणारं असेल तर. तिथे एक्स्टेन्शन लावा आणि वर्षातून एकदा शिडीवर चढा, एवढं सोसतं. रुंद, दोन गाड्यांच्या फोमवाल्या दाराला मात्र मी एक्स्टेन्शन सुचवणार नाही.

नळीच्या आत लपवलेली, टोकाकडून ड्रिलनं पीळ भरायची स्प्रिंगही काही उत्पादक देतात. सळयांचा धोका त्यात टळतो. सुटे भाग मात्र त्याच उत्पादकाकडून घ्यावे लागतात, आणि पंधरा वर्षांनी ते मिळतील का, या शंकेपायी मी तिकडे गेलो नाही. तुम्हाला ती शंका सतावत नसेल तर विचार करायला हरकत नाही.

जुनं दार काढून नवं बसवत असाल तर पीळ उतरवणं हे भरण्याइतकंच, किंबहुना थोडं जास्तच धोक्याचं धरा. कोनवरचे गंजलेले स्क्रू कधी आणि किती सुटतील ते सांगता येत नाही. आणि स्प्रिंग कुठलीही असो, दार खाली असताना खालच्या कोपऱ्यांतल्या ब्रॅकेटच्या बोल्टना पाना लावायचा नाही. केबल तिथेच बांधलेली असते, पूर्ण ताणात.

मोटर लावायची घाई करू नका. आधी दार हातानं अर्ध्यावर नेऊन सोडा. जागच्या जागी थांबलं तर तोल बरोबर आहे; खाली घसरलं तर स्प्रिंग कमी पडते, वर पळालं तर जास्त झाली. तोल बिघडलेलं दारही मोटर मुकाट्यानं ओढते, आणि आपल्याला ते कळतं तिचे गिअर गेल्यावर. फोटो सेन्सर जमिनीपासून १५ सेंटिमीटरच्या वर लावू नका. वर लावले तर रांगतं मूल किरणाखालून जाऊ शकतं. अमेरिकेत १९९३ पासून घरगुती मोटरांना आडवं काही आलं की दार उलट फिरवणारी सोय, म्हणजे सेन्सर किंवा तसाच दुसरा बंदोबस्त, सक्तीची आहे. तुमच्याकडे नियम असो वा नसो, सेन्सर लावाच. एक्स्टेन्शन घेतली असेल तर ही अर्ध्यावरची परीक्षा मोटर सोडवून दर दोन-तीन महिन्यांनी घ्या, आणि घेताना दोन्ही कोपरे सारख्या उंचीवर आहेत का तेही टेप लावून बघा.