क्लॅव्हिकॉर्ड, दोन हिवाळ्यांनंतर: आवाज पुरतो, फीत मात्र तपासून घ्या

क्लॅव्हिकॉर्ड म्हणजे पियानोच्या आधीचं, अगदी हळू आवाजाचं, पट्ट्या दाबून वाजवायचं तारवाद्य. माझ्या वाद्यात मधल्या सप्तकातले काही सूर अचानक बोट उचललं तरी गुणगुणत राहायला लागले. झाकण उघडून मोबाइलची बॅटरी मारली, तर डावीकडे तारांमधून विणलेल्या लाल लोकरी फितीला कसर लागलेली! क्लॅव्हिकॉर्डचा सगळा जीव या फितीत आहे. पट्टी दाबली की पितळी पाती खालून तारेला लागते आणि लागलेलीच राहते. पातीपासून घोडीपर्यंतची, म्हणजे उजवीकडे तारा टेकतात त्या आधारापर्यंतची, तार वाजते, डावीकडचा तुकडा फीत गप्प ठेवते, आणि बोट उचललं की अख्खी तार तीच थांबवते. एवढं महत्त्वाचं काम करणारी गोष्ट, आणि तिच्यावर कसरीचा साधा बंदोबस्तही नाही.

वाद्य बनवणाऱ्या कार्यशाळेला फोटो पाठवले. उत्तर आलं, फीत हा झिजणारा भाग, वॉरंटीत बसत नाही, वाद्य आणून द्या, ३४० युरो. कसर म्हणजे झीज कशी, हे विचारल्यावर उत्तर यायचंच थांबलं. मी मीटरभर लोकरी फीत सात युरोला आणली आणि स्वतः विणली: तारांच्या एका जोडीवरून, पुढच्या जोडीखालून. जास्त ओढली तर सूर हलतो, सैल राहिली तर गुणगुण परत येते. काम किचकट आहे, पण ३४० युरोंचं नक्कीच नाही.

माझं वाद्य फ्रेटेड, म्हणजे शेजारच्या सुरांना तारा सामायिक असणारं, आन्सबाखचा वाद्यकार ह्युबर्ट याच्या अठराव्या शतकातल्या वाद्यांच्या धर्तीचं. पैसे वाचले म्हणून घेतलं. यात सी आणि सी-शार्पला तारांची एकच जोडी. सी-शार्पवरून सीवर उतरताना वरचं बोट आधी पूर्ण सुटलं नाही, तर सी बोलतच नाही. पहिल्या हिवाळ्यात याचा इतका वैताग आला की विकायला काढणार होतो. आता स्वतंत्र तारांचं कोणी फुकट दिलं तरी विचार करेन. तारा कमी, म्हणून अर्ध्या तासात लावून होतं, आणि बोटांना वेळेवर सुटायची सवय लागते ती वेगळीच.

आवाजाबद्दल सगळे विचारतात. लाइपझिगच्या जुन्या इमारतीत राहतो, रात्री दहानंतर शांतता पाळायची असते, तरी मध्यरात्री वाजवतो आणि भिंतीपलीकडे कळत नाही. फ्रिज घरघरत असेल तर मलाच नीट ऐकू येत नाही, हेही खरं. पण दोन मिनिटांत कान बसतो, आणि मग त्या इवल्याशा आवाजात केवढे चढउतार आहेत ते कळतं. पाती तारेला टेकलेली असल्यामुळे सूर लागल्यावरही बोटाखाली असतो: दाब हलकेच कमीजास्त केला की सूर थरथरतो. याला बेबुंग म्हणतात. पियानोवर हे होत नाही, पेटीवरही नाही. दरबारी रागातला झुलता गंधार मात्र यातून मागू नका, कारण दाबाने सूर फक्त चढतो, खाली उतरत नाही. वादकाची खरी पारख क्लॅव्हिकॉर्डवरच होते, असं जर्मन संगीतकार कार्ल फिलिप इमानुएल बाखने १७५३ मध्ये लिहिलं. डिजिटल पियानोवर खपून जाणारं माझं ढिलं चौथं बोट इथे पहिल्याच ओळीत उघडं पडलं, तेव्हा ते पटलं.

घेणार असाल तर सुट्या तारा आणि जादा फीत बिलातच लिहून घ्या. हीटर सुरू झाला की खोलीतला ओलावा ४५ टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नका. फीत घरी बदलता येते, तडकलेली तबली, म्हणजे आवाज घुमवणारी पातळ फळी, नाही.